माउलब्रॉन की बेबेनहाउझेन? एकच रविवार असेल तर

स्टुटगार्टात आईबाबा भारतातून आले की हा प्रश्न येतोच. दोन्ही सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे जुने मठ, दोन्हीकडे आता संन्यासी कोणी नाही. मी आईला दोन्हीकडे नेलंय, त्यामुळे बोलतो.

माउलब्रॉनचं नाव मोठं. ११४७ चा मठ, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि आहेच तसा. तटबंदीच्या आत गिरणी, तबेले, कोठारं, म्हणजे अख्खं गावच. खगोलशास्त्रज्ञ केप्लर इथल्या शाळेत शिकला, लेखक हेर्मान हेसे तर १८९२ मध्ये इथून पळूनच गेला. जेवणघरासमोरचं तीन थाळ्यांचं कारंजं बघून आई म्हणाली, शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यापुढे साधंच आहे पण जेवायच्या आधी हात धुवायला एवढा थाट!

पण तिथं पोचायचं कसं हा खरा घोळ. मी पडलो ठाण्याचा, स्टेशनचं नाव ‘माउलब्रॉन वेस्ट’ दिसल्यावर वाटलं दादर वेस्टसारखं असेल, उतरलं की समोर रिक्षा. समोर रिक्षा सोडा, माणूसही नाही. गाव तिथून लांब, आणि मी आईला गुडघ्याचा पट्टा लावून चांगली पाऊण तास चालवली, ती एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. म्युलाकरला उतरून बस धरायची असते, हे मला नंतर कळलं.

बेबेनहाउझेन आता ट्युबिंगेन शहरातच धरतात, मेन स्टेशनवरून बस, की आलंच. लहान आहे, कोणाला दोन तासात संपलं असंही वाटेल. पण उन्हाळी जेवणघरात सडपातळ खांबांवरून वर फाकलेलं छत आणि भिंतीवर रांगेनं हरणांची शिंगं, म्हणजे मठ कुठं संपला न् राजाचा शिकारवाडा कुठं सुरू झाला कळत नाही. वुर्टेम्बर्ग या इथल्या जुन्या राज्याचा शेवटचा राजा विल्हेल्म दुसरा १९१८ मध्ये गादी सोडून इथंच राहायला आला आणि १९२१ मध्ये इथंच गेला. हे ऐकून आई त्या अंगणात बराच वेळ बसली. राजवाडा फक्त गाइडबरोबरच बघता येतो, आम्हाला मिळालेली टूर जर्मनमध्ये होती, निम्मं मी कानात सांगितलं, निम्मं ठोकून दिलं.

गाडी असेल तर माझं ऐकू नका, माउलब्रॉनला जा कदाचित. ट्रेननं आणि आईबरोबर असाल तर मी तरी ट्युबिंगेनचंच तिकीट काढीन, परतताना नेकर नदीच्या काठावर कॉफीही होते.