दोरीवरचं ब्लँकेट की पाळीव बिबट्या?
१९३४चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ आणि १९३८चा ‘ब्रिंगिंग अप बेबी’, हॉलिवूडच्या या दोन्ही प्रेमकथा धमाल. पण प्रेम खरं वाटतं ते मला पहिल्यातच. लाडावलेली श्रीमंत मुलगी आधी कच्चं गाजर झिडकारते, पुढे मुकाट्याने तसलंच गाजर चावते. तिचा तोरा उतरला हे सांगायला संवाद लागत नाही. रात्री ती आणि तिच्यासोबत प्रवास करणारा पत्रकार, दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर ब्लँकेट. पलीकडून तो आपलं स्वप्न सांगतो आणि ती ब्लँकेट ओलांडून येते, तेव्हा दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

दुसऱ्यात कॅथरिन हेपबर्न शास्त्रज्ञ झालेल्या कॅरी ग्रँटच्या मागे लागते, सोबत बिबट्या. हसून पुरेवाट होते. पण हा शास्त्रज्ञ तिच्यात कधी गुंतला, ते दिसतच नाही. कबुली येते तोवर डायनासोरचा सांगाडा कोसळायची वेळ झालेली असते.