क्लचमधली हवा: दोघांनी पॅडल मारून काढायची की सिरिंजने खालून?

स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा, ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बदलल्यावर पॅडल मऊ लागतंय, रिव्हर्स टाकताना खरखर होतेय, म्हणजे क्लचच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे हे तुम्हालाही कळलं असेलच. मी दोन्ही पद्धती करून बघितल्यात, त्या पण एकाच आठवड्यात, कारण पहिल्यात हवा पूर्ण निघालीच नाही.

पॅडलवाली पद्धत (एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने गाडीखाली स्लेव्हवरची हवा काढायची निप्पल उघडून परत आवळायची) वाईट नाही हां. गॅरेजमध्ये बहुतेक हेच करतात, खर्च फक्त ऑइलचा (म्हणजे ब्रेक ऑइल, इंजिनचं नाही), आणि जुनं काळं ऑइल खालून निघून जातं. पण क्लचचं पॅडल ब्रेकसारखं आपोआप वर येत नाही, निप्पल उघडली की तळाला जाऊन तिथेच बसतं, दरवेळी हाताने वर ओढायचं. आमच्याकडे पॅडलवर बाबा होते, कमरेला पट्टा लावून. मी गाडीखालून "दाबा", "धरून ठेवा" ओरडतोय, त्यांना अर्धंच ऐकू येतंय, आणि मी निप्पल आवळायच्या आत त्यांनी पॅडल वर ओढलं की हवा परत आत! तासभर हेच, शेवटी ते म्हणाले मेकॅनिकला बोलाव, आणि मी म्हटलं आता तर नाहीच बोलावणार.

मग मेडिकलमधून 60 मिलीची सिरिंज आणली, पारदर्शक नळी लावली, नवीन ऑइल भरून नळीतली हवा आधी काढली, नळी निप्पलवर बसवली, निप्पल अर्धा वळसा सैल करून खालून हळूहळू ऑइल ढकललं. हवेला तसंही वरच जायचं असतं ना. वर बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीत बुडबुडे यायला लागले, अर्ध्या तासात पॅडल कडक. एकट्याने.

कटकट यातही आहे. डबीतलं ऑइल आधी निम्मं काढून घ्या, नाहीतर उतू जाऊन पेंटवर सांडतं आणि पेंट उचलतं (सांडलंच तर लगेच भरपूर पाणी मारा). सिरिंजचा रबर ऑइलने फुगतो, ती एकदाच वापरायची. लाइनमधलं ऑइल काळं असेल तर ती घाण वर मास्टर सिलिंडरपर्यंत (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) आणि डबीत जाते, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकची डबी तीच असते, म्हणून आधी जुनं ऑइल खाली पाडून घेतलेलं बरं, तेवढ्यापुरतं पॅडल मारायला कुणीतरी लागेलच. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 किंवा 4.

तुमच्याकडे पॅडलवर बसणारा सरावाचा माणूस असेल तर पहिली पद्धतही चालेल कदाचित. माझ्याकडे बाबा आहेत, त्यामुळे सिरिंज.