तारीख आतल्या बाजूला होती

माझी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवायचा कारखाना. ओतलेला भाग, म्हणजे कास्टिंग, उलटंसुलटं करून "ह्यात ब्लोहोल आहे, आत हवेचं भोक राहिलंय, परत पाठव" म्हणणं हा माझा रोजचा धंदा. अशा माणसाला पुण्यातल्या एका टायरवाल्यानं आठ वर्षांपूर्वीचे टायर नवे म्हणून विकले, तेही चहा पाजून. तीन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, कारण सरळ आहे, लाज वाटत होती. पण परवा ओळखीतला एक पोरगा हौसेनं घेतलेल्या जुन्या ऑडीसाठी तसलेच 'स्वस्तातले इंपोर्टेड' टायर बघतोय असं कळलं, म्हणून लिहायला बसलो.

गाडी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड ४. दोन सीट, छप्पर घडी होऊन डिकीत जातं. २०१८ साली सेकंडहँड घेतली. घरच्यांचं त्यावरचं मत इथं छापण्यासारखं नाही. तिचे पुढचे टायर २२५/४० आर १८ आणि मागचे २५५/३५ आर १८, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज सारखी करायची सोय नाही. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर, त्यामुळं मागची जोडी आधी संपते. २०२२ च्या मे महिन्यात मागचे टायर खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत आले. ते उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात, तिथं रबर पोहोचलं की टायर संपला. पाऊस तोंडावर आलेला.

आता घ्यायचे कुठले? मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ घ्यायचा तर मला सांगितलेला भाव एका टायरला साडेसव्वीस हजार, वर "माल कधी येईल सांगता येत नाही". जून २०२० मध्ये सरकारनं नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'निर्बंधित' यादीत टाकली, तेव्हापासून परवान्याशिवाय बाहेरचा माल येत नव्हता. इथं बनणाऱ्या साइजना फारसा फरक पडला नाही, पण आमच्यासारख्या चार-दोन गाड्यांना लागणाऱ्या साइजचे वांधे झाले. दुसरीकडं त्याच मापाचा साधा टायर अकरा हजारांत मिळत होता. नाव फारसं कुणी न ऐकलेलं, पण नवाकोरा, पक्क्या बिलासकट.

फरक कशाचा असतो हे मला ठाऊक होतं. महागड्या टायरचं रबर मऊ, ओल्या रस्त्याला धरून ठेवणारं. बाजूची भिंत ताठ, त्यामुळं वळणावर गाडी डुलत नाही. बदल्यात तो लवकर झिजतो. साधा टायर जास्त टिकतो, पण जोरात वळवला की आधी किंचाळतो आणि मग सोडतो. दहा वेळा हिशेब केला. आणि नेमक्या त्या घोळात असताना तिसरा पर्याय चालून आला.

पुण्यातल्या एका दुकानदाराचा नंबर मित्रानं दिला. दुकानाचं नाव सांगत नाही. फोनवरच म्हणाला, "साहेब, तुम्ही अकरा हजारवाल्याच्या नादी लागू नका. स्पोर्ट्स कारला असला टायर? माझ्याकडं युरोपातला माल आहे, टॉपचा, बंदीच्या आधी आलेला. सोळा हजाराला एक." 'बंदीच्या आधी' हे शब्द ऐकून मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. फसवणारा आपल्याला काही नवीन सांगत नाही, आपण मनात जुळवून ठेवलेलंच तो बोलून दाखवतो. कमी पैशात भारी टायर मिळावा हे मला हवंच होतं.

दुकानात गेलो. टायरवर रंगीत कागदी लेबल, कडेला पॉलिशची चकाकी, आणि मुख्य म्हणजे साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे. मी बोट फिरवून ते केस पाहिले आणि मनात म्हटलं, वापरलेला नाही. बरोबर होतं. वापरलेला नव्हताच! वर बाजूला 'ट्रॅक्शन एए' हा पकडीचा दर्जा लिहिलेला मी मोठ्यानं वाचला, दुकानदारानं मान डोलावली. हा दर्जा ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवतात, वळणावरच्या पकडीचा त्यात संबंध नाही. आणि तो टायर ताजा असतानाचा असतो. रबर म्हातारं झालं तरी अक्षरं म्हातारी होत नाहीत.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "अठ्ठावीस टक्के जीएसटी कशाला भरताय? माझ्या जबानवर घेऊन जा." (तेव्हा अठ्ठावीस होता; सप्टेंबर २०२५ पासून अठरा झालाय.) दुकानाच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागं '२ नग नवीन' लिहून दिलं. पंधरा हजार यूपीआयनं घेतले, सतरा हजार रोख. "पोरं चढवतील, तोवर चहा घेऊ," म्हणून मला कोपऱ्यावर घेऊन गेला. चहा चांगला होता. परत आलो तर चाकं बसवून नटसुद्धा आवळून झालेले.

जुलैत रत्नागिरीहून परत येत होतो. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, पाऊस संततधार, धुकं. शेजारी बायको. एका चढत्या वळणावर अगदी हलका ॲक्सिलरेटर दिला. वेग तिशीच्या आसपास असेल. डॅशबोर्डवरचा, चाक घसरतंय हे सांगणारा पिवळा दिवा फडफडला आणि गाडीचं मागचं धूड दारूड्यासारखं बाजूला गेलं. नशीब डोंगराच्या बाजूला गेलं. मागचं चाक गटारात बसलं. बायको बराच वेळ काही बोलली नाही, मग शांतपणे म्हणाली, "नवीन टायर ना हे?"

मागून आलेल्या एसटीचे ड्रायव्हर उतरले. त्यांनी टायरवर अंगठ्याचं नख दाबलं, खूणही उठली नाही. मग पुढच्या टायरवर दाबलं, तिथं नख रुतलं. "मालक," ते म्हणाले, "मागं रबर हाय का लाकूड?"

दुसऱ्या दिवशी चाकं काढून फाउंड्रीत आणली. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याची तारीख, आधी आठवडा, मग वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मात्र हे चार आकडे असलेला पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला कोड अर्धवट, तारखेविना. माझ्या टायरना एक बाजू ठरवून बाहेर ठेवावी लागते, आणि तारीख होती आतल्या बाजूला. म्हणजे बसवल्यावर गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसणारच नाही. चहाचा अर्थ तेव्हा कळला.

एका टायरवर १११४. मार्च २०१४. दुसऱ्यावर तिथं नुसता गुळगुळीत चट्टा. मला वाटलं साच्यातच तसं असेल. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला असणारा आमचा पोरगा वाकून बघत म्हणाला, "साहेब, हे फ्लॅप डिस्कनं घासलंय. वरनं पॉलिश लावलंय." दिवसभर कास्टिंगच्या कडेचा जादा धातू घासणाऱ्या त्या पोराला जे दोन सेकंदात दिसलं, ते मला बत्तीस हजार देऊन दिसलं नव्हतं. भारतात विकायच्या कारच्या टायरवर लागणारी आयएसआयची खूणही दोन्हींवर सापडली नाही.

शेजारच्या युनिटमध्ये रबरी सील बनवतात. त्यांचं कडकपणा मोजायचं शोअर मीटर आणलं; आकडा जेवढा मोठा तेवढं रबर कडक. माझ्या पुढच्या चांगल्या टायरवर काटा ६७ ला थांबला, मागच्या 'नव्या' टायरवर ८४ ला. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता त्याला कडक करत जातात, आणि हे टायर बहुधा कुठल्या तरी पत्र्याच्या गोडाउनमध्ये आठ उन्हाळे भाजले असणार. नीट ठेवलेल्या टायरलासुद्धा कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. परफॉर्मन्स टायरचे पैसे आपण मोजतो ते त्या मऊ रबराचे. तेच गेल्यावर उरतं ते नाव, आणि नुसतं नाव वळणावर गाडीला धरत नाही. त्या आंबा घाटात अकरा हजाराचा ताजा, साधा टायर यापेक्षा नक्की बरा वागला असता, हे लिहिताना आजही दात आवळले जातात.

दुकानदाराला फोन केला. आधी "असं होणारच नाही", मग "कंपनीकडूनच तसा माल आला", शेवटी "हे टायर माझ्याकडचे कशावरून?" बिल नाही तिथं माझं तोंड बंद. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, कार्डाचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचा त्याचा 'दोन नग २५५/३५/१८ नवीन रेडी आहेत' हा मेसेज. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, हेही त्याला कळवलं. दीड महिन्यानं त्यानं पंधरा हजार परत पाठवले. बरोब्बर यूपीआयनं दिलेले तेवढेच. रोखीचे सतरा हजार त्याच्या लेखी कधी दिलेच गेले नव्हते.

ज्याला घ्यायचे आहेत त्याला माझं एवढंच सांगणं, की टायर रिमवर चढण्याआधी दोन्ही बाजू स्वतः फिरवून बघा, चारही आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तेच आकडे पक्क्या बिलावर लिहून मागा. चांगला दुकानदार कुरकुर करत का होईना लिहून देतो. आणि चाक बसेपर्यंत चहाला जाऊ नका.

मी नंतर थांबून, पूर्ण पैसे मोजून, चार महिन्यांपूर्वी बनलेली जोडी घेतली. जुनी जोडी फाउंड्रीच्या गेटला आहे, ट्रक रिव्हर्स घेताना भिंतीला धडकू नये म्हणून. त्या कामाला उत्तम आहेत, झिजतच नाहीत.

गेल्या महिन्यात त्याच दुकानदाराचा सगळ्यांना एकदम पाठवलेला मेसेज मलाही आला. 'स्पोर्ट्स कार टायर, इंपोर्टेड, नवीन माल, मर्यादित स्टॉक.' सोबत चकचकीत फोटो, सगळे बाहेरच्या बाजूचे. मी उत्तर पाठवलं, "आतल्या बाजूचा एक फोटो टाका." दोन निळ्या खुणा आल्या. फोटो अजून यायचाय.