जुना लोखंडी कूलर दुरुस्त करावा की नवा प्लास्टिकचा आणावा?

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलरवरची ताडपत्री निघते आणि हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. टाकी गळतेय, बाजूच्या ओल्या राहणाऱ्या ताट्या सडल्यात, पंखा घरघरतोय. या धुडावर अजून पैसे घालायचे की चाकांवरचा प्लास्टिकचा कूलर आणायचा? बहुतेक लोक इथे किंमत आणि रूप बघतात. आधी बघायला हवी ती कूलर ठेवायची जागा.

थंडाव्याचं गणित दोघांना सारखंच आहे. मे महिन्यात दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. कोणताही कूलर त्याखाली जाऊ शकत नाही. चांगल्या ताट्यांचा कूलर या २१ अंशांच्या फरकापैकी ७० ते ८० टक्के फरक भरून काढतो, म्हणजे समोर २७ ते २९ अंशांची हवा येते. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. अशा कोरड्या दिवसांत कूलर उलट जोमाने काम करतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की तोच कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो. तेव्हा दोष ना लोखंडाचा, ना प्लास्टिकचा.

पण हे २७ अंश मिळतात ते बाहेरची कोरडी हवा आत ओढली तरच. लोखंडी कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असतो, तीन बाजूंनी बाहेरची हवा घेतो आणि खोलीत ढकलतो. प्लास्टिकचा कूलर लोक पलंगाशेजारी ठेवतात आणि वर दार लावून घेतात. मग तो खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. अर्ध्या तासात अंग चिकट होतं आणि ‘हा कूलर काही थंड करत नाही’ अशी तक्रार सुरू होते. १० बाय १२ च्या खोलीत कूलरच्या समोरच्या बाजूला निदान दोन चौरस फूट उघडी जागा हवी. तिथे उदबत्ती धरा, धूर बाहेर जायला हवा. तो खोलीतच घुटमळत असेल तर आधी खिडकी उघडा, मग कूलरला नावं ठेवा.

म्हणून ज्याच्याकडे बाहेर स्टँड लावण्याजोगी खिडकी आहे, त्याने जुना लोखंडी कूलर भंगारात घालण्याआधी तपासावा. घरातला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कूलर असेल तर त्याचा पत्रा बहुधा आजच्या स्वस्त कूलरपेक्षा जाडच निघतो. (गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, २४ चा पत्रा २६ पेक्षा दणकट.)

तपासणी टाकीपासून. टाकी कोरडी करा आणि तळाला, विशेषतः कोपऱ्यांत आणि रिव्हेटच्या रांगेत, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक पत्र्यात रुतलं तर रंग किंवा एमसीलसारखी लांबी लावून काही होणार नाही, नवा तळ बसवावा लागेल. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने खरवडून काढा, रेड ऑक्साइड (गंजरोधक प्राइमर) द्या आणि ते पूर्ण वाळल्यावर आतून डांबरी रंगाचे दोन हात. ओल्यावर मारलेला रंग पंधरा दिवसांत पापुद्रे सोडतो. टाकी सडते ती मुख्यतः उन्हाळा संपल्यावर. पाऊस आला म्हणून कूलर बंद होतो आणि तळाचं क्षाराचं पाणी तसंच राहून जातं.

मग पंखा. वीज बंद करून प्लग काढा, पातं हाताने वर-खाली हलवा. दांडा खेळत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलं आहे. हे किरकोळ काम आहे. मोटर घुं करते पण पंखा उचलत नाही, किंवा वेग मंद झालाय, तर बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा बसवा, ‘जास्त क्षमतेचा टाकतो, जोरात फिरेल’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्याने मोटर तापते. जळका वास येत असेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, गेलंय. तांब्याच्या तारेत पुन्हा भरून मिळतं, पण त्यासोबत तळही बदलायचा असेल तर हिशोब करा: एकूण खर्च नव्या कूलरच्या निम्म्यावर गेला की दुरुस्ती सोडून द्यावी.

पंपाचा आवाज येतो पण पाणी चढत नाही, तर गवताच्या काड्या किंवा क्षार आत अडकलेत. खालची झाकणी उघडून चक्री धुवा. पंपाभोवती नायलॉनची जाळी बांधली की हा त्रास निम्मा होतो. कोरडा चालवला तर मात्र पंप जळतो.

ताट्यांच्या निवडीत लोक सगळ्यात जास्त फसतात. लाकडाच्या बारीक, लांब काड्यांची ताटी, म्हणजे आपण म्हणतो ते गवत, स्वस्त असते आणि ओलीही पटकन होते, पण एका उन्हाळ्यापुरतीच टिकते. महिन्याभरात ती वरून खाली बसते, वरच्या पट्टीत फट पडते आणि तिथून गरम हवा सरळ आत येते. चालू कूलरच्या ताटीकडे बाहेरून बघा. कुठे कोरडा पट्टा दिसला तर तिथे गवत भरून तारेने टाका घाला. नवी ताटी बसवल्यावर पहिल्या दिवशी पाणी पिवळट होतं आणि वास येतो, ते पाणी एकदा-दोनदा फेकून द्यावं. वाळ्याची ताटी सुगंधासाठी. ती घट्ट भरली तर हवा अडवते, म्हणून गवतावर वाळ्याचा पातळ थर पुरे.

हनीकोंब म्हणजे रेझिन लावलेल्या कागदाच्या नालीदार थरांचा ठोकळा. नीट राखला तर तीन ते पाच उन्हाळे निघतात. मात्र जुन्या लोखंडी कूलरच्या जाळीत तो नुसता कोंबून चालत नाही. गवताची चौकट पातळ असते, हनीकोंब ५० ते १०० मिलिमीटर जाड. खाच खोल करून घ्यावी लागते आणि कडेला फट राहिली तर हवा तिथूनच पळते. त्याला वरून सगळीकडे सारखं पाणी पडावं लागतं, गवतासारखी ओल इकडून तिकडे पसरत नाही. म्हणून वरच्या पन्हाळीची भोकं मोकळी हवीत आणि पंप दमदार हवा. नाल्यांची दिशाही बघा: दोन तिरप्या नाल्यांपैकी ज्या जास्त उभ्या असतात त्यांचा उतार बाहेरच्या, म्हणजे हवा आत येणाऱ्या बाजूला हवा. उलटा बसवला तर पाण्याचे थेंब पंख्याकडे ओढले जातात आणि खोलीत शिंतोडे येतात.

पाण्याचाही प्रश्न आहेच. मोठा कूलर भर दुपारी ताशी १२ ते २० लिटर पाणी उडवतो. वाफ जाते, क्षार टाकीतच राहतात. नळाचं पाणी, म्हणजे पेंच-कन्हानचं, त्यातल्या त्यात बरं. बोअरवेलचं असेल तर हनीकोंबवर पांढरी खपली चढते आणि नाल्या बुजतात. अशा घरात आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी, नाहीतर सरळ गवत वापरावं. महागडा हनीकोंब बोअरच्या पाण्यावर दुसऱ्या उन्हाळ्यातच दगड झालेला सापडतो.

आता प्लास्टिकच्या बाजूचं. गंज नाही, आवाज कमी, वजन हलकं. भाड्याच्या घरात, खिडकीला ग्रिल असलेल्या फ्लॅटमध्ये किंवा संध्याकाळी हॉलमधून बेडरूममध्ये सरकवायला तोच योग्य. पण बाल्कनीच्या दारात, तोंड आत आणि पाठ बाहेर, असा ठेवा. पश्चिमेच्या थेट उन्हात ठेवला तर दोन-चार वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं. टाकीला तडा गेला की जोड टिकत नाही, आणि झडपा, बटणं, चाकं त्या-त्या मॉडेलचीच लागतात. लोखंडी कूलरचा पंप, पातं, मोटर नागपुरात इतवारीपासून सक्करदऱ्यापर्यंत कुठेही मिळतात. ५० लिटरची टाकी दुपारी तीन-चार तासांत संपते, म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी तरंगती झडप) असलेलाच घ्या आणि नळीची सोय आधी बघा. विजेचा फरक फार मोठा मानू नका: २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट.

एका बाबतीत मात्र प्लास्टिक उजवं आहे, ते म्हणजे शॉक. लोखंडी कूलरमध्ये पंपाच्या वायरीचं आवरण चिरलं की सगळा सांगाडा जिवंत होतो, आणि समोर ओली फरशी, अनवाणी माणूस. विदर्भात दर उन्हाळ्यात अशी माणसं जातात. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार रंग खरवडून थेट पत्र्याला बोल्टने आवळलेली आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), यातलं एक जरी नसेल तर लोखंडी कूलर चालू करू नये. घरात लहान मुलं असून वायरिंग जुनं असेल आणि ते बदलणं शक्य नसेल, तर बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवून प्लास्टिकचा घ्या. पाणी भरताना प्लग काढायचा तो दोन्हींत, कारण टाकीतलं पाणी आणि पंप दोन्हींत तेच आहेत.

डेंगीचा डासही दोन्हींत सारखाच होतो. आठवड्याला पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. आतून ब्रशने घासावं लागतं. प्लास्टिकच्या टाकीत हात पोचायला जागा आहे का आणि पाणी काढायचं बूच अगदी तळाशी आहे का, हे दुकानातच कूलर उलटा करून बघा.