रत्नागिरीत इम्प्लांट केला : डॉक्टर एक नंबर, काउंटर डोक्याला ताप

राहतो मालगुंडला. कुर्लीचा (खेकड्याचा) नांगा दाढेखाली घेऊन फोडायची सवय लहानपणापासूनची आणि तीच नडली, खालची उजवी दाढ उभी चिरली, काढावी लागली. चार महिने एकाच बाजूने चावत होतो, शेवटी सौ. वैतागली म्हणून रत्नागिरीतल्या एका क्लिनिकमध्ये इम्प्लांट करून घेतला, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्याच्यावर नकली दात. नाव टाकत नाही कारण तक्रारपण आहे आणि डॉक्टर मॅडमचा त्यात काही दोष नाही.

तक्रार आधी. मॅडमनी तोंडात बघायच्या आधीच काउंटरवरच्या मुलीने रेटकार्ड पुढे केलं, "काका हा साधा, आणि हा पाण्यातला, याच्यावर हाडाच्या पेशी डबल वाढतात, सगळे हाच घेतात." दोघांत फरक किती, तर माझ्या कलमांची एक फवारणी निघेल एवढा.

आत गेल्या गेल्या विचारलं, मॅडम हे डबल वाढतं म्हणजे नक्की काय. त्या हसल्या आणि ड्रॉवरमधून सॅम्पल काढले. एक गुळगुळीत चकचकीत, लेथवर कापलेला, स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्कनी १९६५ ला पहिल्या पेशंटला बसवले ते या जातीचे, तेव्हा स्क्रूवरचा दात लावायला ३ ते ६ महिने थांबायला लागायचं. दुसरा मळकट राखाडी, काउंटरवरचे साधा आणि पाण्यातला दोन्ही याच जातीचे. याच्यावर आधी पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या खड्यांचा मारा करतात, मग गरम अॅसिडमध्ये बुडवतात, म्हणजे मोठ्या खळग्यात परत बारीक खळगे. म्हटलं पाट्याला टाकी लावतात तसं की. "अगदी तसंच काका, फक्त आमची टाकी १-२ मायक्रॉनची."

माझा समज असा की खरखरीत जागा म्हणजे पेशी भराभर वाढणार. तर ते उलटंच निघालं, लॅबमध्ये वाढवून बघितलं तर गुळगुळीत टायटॅनियमवर पेशींची संख्या जास्त भरते, खरखरीतवर कमी, पण खरखरीतवरच्या पेशी लवकर कामाला लागतात, हाड घालायची प्रथिनं तयार करायला लागतात. दहा माणसं नुसती उभी असण्यापेक्षा चार गवंडी बरे. म्हणजे काउंटरचं "डबल" मुळातच चुकीचं.

दुसरं म्हणजे स्क्रूला आधी पेशी भेटत नाही, रक्त भेटतं. गुठळी होते, तिचे धागे धरून पेशी स्क्रूकडे सरकतात आणि सरकताना धागे ओढतात, गुळगुळीत पृष्ठभागावरून धागा सुटून येतो, मग हाड भोकाच्या भिंतीकडूनच हळूहळू येत राहणार. खरखरीतवर धागा टिकतो, पेशी थेट स्क्रूवर पोचते आणि तिथूनपण हाड घालायला लागते. मग अजून खरखरीत का करत नाहीत? तर पाट्याचीच गोष्ट, टाकी फार खोल गेली की चटणी अडकून वास मारतो, हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला तर जंतू तसेच बसतात.

आता पाण्यातला. पाण्यातल्या स्क्रूची एक्स्पायरी उलटलेली एक बाटली डेमोसाठी ठेवली होती ती मॅडमनी फोडली. तो आणि कोरडा राखाडी साधा, दोन्ही स्क्रू उभे धरून लाल पाण्याला टेकवले. कोरड्यावर पाणी चढेचना, एक थेंब वरून सोडला तर अळूच्या पानावर बसतो तसा गोल बसून राहिला. दुसऱ्यावर मात्र लाल रंग आट्याआट्याने आपोआप वर चढत गेला. टाकी दोघांची सारखीच, पण उघड्यावर राहिलं की हवेतला कार्बन चिकटतो आणि पृष्ठभाग पाण्याला नको म्हणतो, म्हणून हा सलाइनमध्ये ठेवतात.

"पण तुमचं हाड घट्ट आहे, शुगर नाही, सिगरेट नाही, घाई नाही. याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांचा, वर्षभराने दोघांत फारसा फरक राहत नाही. साधाच घ्या." आपल्याच काउंटरचा धंदा कमी करणारी डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच बघितली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्क्रू बसला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तशी माझीपण, बोटी किनाऱ्यावर आणि मी पेजेवर. दुखलं म्हणाल तर दाढ काढताना दुखलं त्याच्या निम्मं पण नाही. मॅडमनी बजावलं होतं की तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सांभाळा, सुरुवातीची पकड नुसत्या आट्यांची असते, मग कडेचं जुनं हाड झिजतं आणि नवं पुरतं आलेलं नसतं. नेमक्या तेव्हाच शेजारून भाजलेल्या आठळ्या आल्या. डाव्या बाजूने खाल्ल्या, खोटं कशाला बोलू.

तपासणीला जाता येता वाटेवरच्या काळबादेवी किनाऱ्याची काळी रेती दिसायची. तिच्यात इल्मेनाइट आहे, टायटॅनियमचंच खनिज. माझा स्क्रू काही तिथला नाही, पण लहानपणी त्याच रेतीत लोळलोय.

ऑगस्टच्या सुरुवातीला स्क्रूवरचा दात लागला. पण इम्प्लांटची कंपनी, साइज आणि लॉट नंबर असलेला स्टिकर मागायला काउंटरवर तीनदा जावं लागलं, "काका तुम्हाला काय करायचंय त्याचं?" अरे उद्या दुसऱ्या गावात स्क्रू ढिला झाला तर तिथला डॉक्टर कुठला पाना लावणार? तिसऱ्यांदा मॅडमनीच बाहेर येऊन फाइलमधून काढून दिला. तुम्ही त्याच दिवशी मागून घ्या.

चार स्टार मॅडमना, काउंटरला अर्धा. कुर्ल्या परत सुरू झाल्यात, नांगे आता सौ. वरवंट्याने फोडून देते.