‘बिगर इथेनॉल’ पेट्रोलचा डबा घेण्याआधी त्यातलं थोडं पेट्रोल पाण्यात घालून बघा

बेळगावात जुन्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर जपणाऱ्यांना गाठून एक डबा विकला जातो. ‘यात इथेनॉल नाही, गाडी वर्षभर उभी राहिली तरी काही होणार नाही.’ दर पंपाच्या दुप्पट, बिल नाही.

टिळकवाडीतल्या एका काकांनी पावसाळ्याआधी असलं वीस लिटर पद्मिनीत ओतलं. विकणाऱ्याने खात्री पटवायला फिल्टर पेपरवर दोन थेंब टाकून दाखवले. थेंब उडून गेले, डाग राहिला नाही. खरी लबाडी इथे आहे. ही चाचणी पंपावरही होते, पण ती रॉकेल-डिझेलसारखी जड भेसळ ओळखण्यासाठी. इथेनॉलसुद्धा डाग न ठेवता उडतं, त्यामुळे या कागदावरून ते आहे की नाही हे कळतच नाही.

खंडेनवमीला पूजेसाठी गाडी बाहेर काढायची म्हटली तर सुरूच होईना. कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा, फ्लोट बाऊल (पेट्रोल साठणारी वाटी) उघडला तेव्हा तळाशी पाण्यासारखा गढूळ थर, आतून पांढरी पूड, मेन जेटचं (इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं) भोक त्या पुडीने बुजलेलं, वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह चिकटलेला. डब्यात उरलेलं पेट्रोल तपासलं, तर ते पंपावर मिळणारं साधं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं.

इथेनॉल पाणी ओढतं. जुन्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, अर्धी टाकी रिकामी असते आणि आपल्याकडचा पाऊस तर माहीतच आहे. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्याच्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं. गाडीतल्या इंधन पंपाची नळी ओढते ती तळातूनच. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न पडू देण्याची क्षमता) घटतो. जस्ताच्या मिश्रधातूचा कार्बोरेटर आणि जुने रबरी पाईप यांना हे मिश्रण मानवत नाही.

आता खरी चाचणी. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून १०० मिलीचं काचेचं मोजपात्र आणा. १० मिली पाणी घ्या, हवं तर शाईचा एक थेंब टाका म्हणजे रेघ नीट दिसेल. वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता. तोंड बंद करून हलवा, मधे एकदोनदा वाफ सोडा, मग दहा मिनिटं ठेवा. पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास चढली तर ते ई२०, १९ च्या आसपास असेल तर १० टक्केवालं. हे उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. ‘पंच्याण्णव ऑक्टेन आहे’ या बोलण्यावर जाऊ नका. ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल नाही, असं अजिबात नाही.

कायद्याचंही ऐका. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं. विकायला ठेवलेल्याला ही सूट नाही. म्हणजे डबेवाल्याचा धंदाच बेकायदा. पैसे गेले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, मोजपात्राचा फोटो जोडा.

नंतर ‘कार्बोरेटर गेला’ म्हणून नवा गळ्यात मारणारेही भेटतात. बहुतेक वेळा कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिते. जुना कार्बोरेटर परत मागून घ्या. त्याचा आधी फोटो काढलेला असेल तर बदलाबदली लगेच पकडता येते.

महिनाभरच उभी ठेवणार असाल तर ताज्या पेट्रोलने टाकी काठोकाठ भरा. पूर्ण पावसाळा असेल तर टाकी रिकामी करा. टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून तिच्यात बोल्ट ठोका, इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरी सोडवून बाऊल पुसून कोरडा करा. यात पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) वाळून तडकू शकतो, म्हणून पंपाचं दुरुस्ती किट घरात ठेवा. नळ्या बदलताना इथेनॉलला टिकणारी, आतून फ्लोरोरबरचं अस्तर असलेली घ्या.

उपसलेला गढूळ थर गटारात किंवा परसातल्या विहिरीजवळ ओतू नका, आणि दुसऱ्या गाडीतही घालू नका.