1780 चा थेलर: कडेचा फोटो आणि वजन मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका

मारिया थेरेसा थेलर म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचा चेहरा असलेलं मोठं चांदीचं नाणं. त्यावर 1780 हे साल असतं आणि फसवणारे त्याच आकड्यावर भाव लावतात. ही सम्राज्ञी नोव्हेंबर 1780 मध्ये वारली, पण येमेन-इथिओपियाकडच्या व्यापाऱ्यांना हेच नाणं हवं असायचं, म्हणून साल न बदलता ते पाडत राहिले: व्हिएन्नात, पुढे रोम, लंडन, पॅरिस, ब्रसेल्समध्ये आणि 1940-41 मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. गळ्याखालची ‘एस. एफ.’ ही अक्षरंही नंतरच्या नाण्यांवर तशीच आहेत. ती दाखवून कोणी वय पटवू लागला तर ऐकू नका. नंतरच्या खऱ्या थेलरला चांदीच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं.

ज्या नाण्यामुळे हे लिहितोय, ते ‘अडीचशे वर्षांचं, वापरून झिजलेलं’ म्हणून ऑनलाइन विकलं गेलं. फोटो दोनच: सम्राज्ञीचा चेहरा आणि मागचा दोन डोक्यांचा गरुड. वजन विचारल्यावर उत्तर आलं, “झिजलंय, थोडं कमी भरेल.” दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असं सांगून सगळी रक्कम आधीच यूपीआयने घेतली. पार्सल पोचल्यावर विक्रेता फोन उचलेना.

खऱ्या थेलरचं वजन 28.07 ग्रॅम. हे भरलं 24.10. चार ग्रॅम म्हणजे सातवा हिस्सा. एवढी चांदी खरोखर झिजली असती, तर गरुडाची पिसं दिसलीच नसती. इथे ती दिसत होती.

झीज आधी उंचवट्यांवर होते: खांद्यावरचं पदक, कानावरचे केस, गरुडाच्या छातीवरची ढाल. खोलगट जागा शाबूत राहतात, त्यांत मळ साचतो. या नाण्यात उंच-सखल सगळंच सारखं गुळगुळीत होतं. दहापट भिंगाखाली अक्षरांमधल्या जागेत बारीक खड्डे दिसले, म्हणजे नाणं ओतीव. ॲसिटोनच्या बोळ्याने काळेपणा उतरला. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळेपणा असा निघत नाही.

कडेवर ‘युस्टिटिया एट क्लेमेंटिया’ (लॅटिनमध्ये ‘न्याय आणि दया’) ही उठावाची अक्षरं हवीत. इथे ती पुसट होती आणि कडेभर घासलेली रेघ होती, साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा. कडेचा फोटो का दिला नव्हता ते इथे कळलं.

शेवटची खात्री पाण्याने केली. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. बारीक दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. हे उत्तर म्हणजे घनता. थेलरच्या 833 शुद्धतेच्या (हजारात 833 भाग) चांदीचं उत्तर 10.2 च्या आसपास येतं. इथे 24.10 भागिले 2.80, म्हणजे 8.6: पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदी नव्हे) जवळ. बुडबुडे चिकटले तर उत्तर खोटंच कमी येतं, म्हणून नाणं आधी ओलं करून घ्या. लोहचुंबकावर विसंबू नका, पितळही चुंबकाला चिकटत नाही.

पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक आणि पार्सलचं वेष्टण जपून ठेवा.